गाठ निघाली, पापणी मिटेना

पापणी उघडणारी नस एक आणि मिटवणारी दुसरी. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत. त्यांतली तिसरी पापणी उचलते, सातवी ती मिटवते. मेंदूतली गाठ काढताना सातवी नस दुखावली, की त्या बाजूचा डोळा उघडायला काही अडचण येत नाही, मिटता मात्र येत नाही. माणूस गाढ झोपतो, तरी तो डोळा अर्धा उघडाच असतो. घरच्यांचं आणि गावाचं लक्ष वाकड्या झालेल्या तोंडाकडे जातं. पण वाकड्या तोंडाने कुणाची दृष्टी जात नाही. उघड्या राहिलेल्या डोळ्याने जाऊ शकते.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण चंद्रपूर-गडचिरोलीच्या नकाशात आहे. अशी शस्त्रक्रिया नागपूर, सावंगी किंवा सेवाग्राम अशा ठिकाणी होते आणि पुढचं आयुष्य सिंदेवाही, कोरची, एटापल्ली, भामरागड इथे काढायचं असतं. भामरागड ते नागपूर हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सुटीच्या कागदावर टाक्यांची तारीख असते, गोळ्या असतात, पुढच्या स्कॅनची वेळ असते. डोळ्यासाठी बहुधा एका थेंबाचं नाव असतं. ते थेंब का, कधीपर्यंत आणि ते चुकले तर काय होतं, हे समजावून सांगायला गावात कुणी नाही, असं कुटुंबाला वाटतं. खरं तर या दोन जिल्ह्यांत ते सांगू शकणारी माणसं आहेत. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

आधी गाठ कुठे असते ते पाहू. कानाच्या मागे, कवटीच्या आत, मेंदूचा देठ आणि लहान मेंदू यांच्यामध्ये एक अरुंद कोन आहे. तिथून ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची आठवी नस जाते. तिच्या आवरणावर हळूहळू वाढणारी गाठ होते, तिला अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात. ती कर्करोगाची नसते. सुरुवातीला एवढंच जाणवतं, की मोबाइल एका कानाला लावला तर बोलणं नीट कळत नाही, कानात सतत गुणगुण चालते, चालताना तोल जातो. यातलं काहीच दुखत नसल्यामुळे माणूस वर्षानुवर्षं दवाखान्यात जात नाही, आणि गाठ जितकी मोठी होते तितका चेहऱ्याच्या नसेला धोका वाढतो. सातवी आणि आठवी नस कानाच्या हाडातल्या सुमारे एक सेंटीमीटर लांबीच्या बोगद्यातून जोडीने जातात. वाढणारी गाठ सातव्या नसेला ढकलते, ताणते, चपटी करते. सूक्ष्मदर्शकाखाली, नसेची हालचाल टिपणारं यंत्र लावून, शस्त्रवैद्य ती गाठीवरून सोडवत असतो. त्या नसेत सुमारे दहा हजार तंतू असतात. त्यांतले सात हजारांच्या आसपास चेहऱ्याच्या स्नायूंकडे जातात. उरलेल्यांकडे अश्रू, लाळ आणि जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव ही कामं असतात.

म्हणून घरी येण्यापूर्वी शस्त्रवैद्याला एक प्रश्न नक्की विचारावा: नस अखंड राहिली की तुटली? उत्तर कागदावर लिहून घ्यावं. पुढची दोन वर्षं काय करायचं हे त्या एका ओळीवर ठरतं. अखंड राहिलेली नसही आठवडेच काय, महिनोन्महिने गप्प राहू शकते आणि नंतर जागी होऊ शकते. तुटलेली नस मात्र जोडल्याशिवाय जागी होत नाही.

लंडनचे शस्त्रवैद्य चार्ल्स बॅलन्स यांनी १८९४ साली एका स्त्रीच्या याच कोनातली गाठ काढली. इतिहासात यशस्वी ठरलेल्या पहिल्या काही शस्त्रक्रियांमध्ये तिची गणना होते. ती स्त्री पुढे बारा वर्षांनीही जिवंत होती. पण तिचा अर्धा चेहरा लुळा आणि बधिर झाला होता आणि त्या बाजूचा डोळा जखम होऊन काढावा लागला होता. गाठ काढणं जमलं, डोळा राखणं जमलं नाही. तेव्हापासून शस्त्रक्रियेचं तंत्र कुठल्या कुठे गेलं आहे, पण घरी परतलेल्या माणसाच्या डोळ्याचं गणित तेच आहे.

ते गणित असं. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो. दर वेळी बुबुळावरून अश्रूंचा पातळ थर फिरतो आणि धूळ पुसली जाते. पापणी लवणं थांबलं, की बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, कोरडा पडतो. कोरड्या पारपटलावर ओरखडा उठतो, ओरखड्यात जंतू शिरतात, जखम भरली तरी पांढरा डाग राहतो. इथे एक फसगत फार होते. खालची पापणी सैल पडून बाहेर झुकलेली असते, त्यामुळे अश्रू गालावर ओघळतात, आणि घरचे म्हणतात, डोळ्याला तर सारखं पाणी येतंय, मग कोरडा कसा? पाणी गालावर असतं, पारपटलावर नसतं. ओघळणारा डोळाही कोरडाच समजावा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मोठी गाठ पाचव्या नसेलाही दाबते. चेहऱ्याची आणि डोळ्याची संवेदना तिच्याकडे असते. तीही गेली तर डोळ्यात कचरा गेला तरी टोचत नाही, जखम झाली तरी दुखत नाही. मिटतही नाही आणि दुखतही नाही, असा डोळा सर्वांत धोक्याचा. त्या माणसाने 'दुखलं तर दाखवू' असं म्हणून चालत नाही. त्याने रोज सकाळी आरशात पाहायचं: डोळा लाल आहे का, बुबुळावर पांढुरका ठिपका आहे का, चांगला डोळा झाकून पाहिल्यावर कालच्यापेक्षा धूसर दिसतंय का. यांतलं काही आढळलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

रात्रीची एक परीक्षा घरच्यांनी करावी. माणूस झोपल्यावर बॅटरीच्या उजेडात पापणीच्या फटीतून काय दिसतं ते पाहावं. पापणी मिटताना डोळा आपोआप वर वळतो, हे शरीराचंच संरक्षण आहे. त्यामुळे पुष्कळांच्या फटीतून फक्त पांढरं दिसतं. फटीतून काळं बुबुळ दिसत असेल तर ते रात्रभर उघडं राहतं आहे असं समजावं आणि नेत्रतज्ज्ञाला हे सांगावं.

रोजची काळजी स्वस्त आहे, पण न चुकता करावी लागते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, सुरुवातीच्या काळात दर एक-दोन तासांनी. रात्री डोळ्यात घालायचं घट्ट मलम, आणि त्यावर वरची पापणी खाली ओढून कागदी चिकटपट्टी. पट्टीखाली डोळा पूर्ण मिटलेला आहे याची खात्री करावी. उघड्या डोळ्यावर कापूस किंवा गॉज ठेवून वर पट्टी मारू नये. तो कापूसच रात्रभर पारपटल घासत राहतो. दिवसभरात अधूनमधून स्वच्छ बोटाच्या मागच्या बाजूने पापणी हलकेच मिटवावी. बाहेर पडताना बाजूंनी बंद असलेला चष्मा लावावा. काजळ, गुलाबपाणी, मध, दूध यांतलं काहीही त्या डोळ्यात जाऊ नये.

आणि आपल्याकडची हवा लक्षात घ्यावी. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तो महिना तेंदूपत्त्याचा. त्याआधी मोहफुलं वेचायची असतात आणि त्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो, त्याचा धूर. घुग्घुस-बल्लारपूरकडे कोळशाची धूळ. मग धानाची कापणी आणि मळणी, तीत उडणारा भुसा आणि कुसळं. धानाचं पातं डोळ्याला लागून होणारी बुरशीची जखम धडधाकट डोळ्यातही सहज बरी होत नाही. न मिटणाऱ्या डोळ्याच्या माणसाने मळणी दुसऱ्याकडे सोपवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि डोळा लाल झाला म्हणून औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर बुरशी झपाट्याने पसरते.

आता त्या माणसांबद्दल, जी हे सगळं आधीपासून जाणतात. कुष्ठरोगातही चेहऱ्याच्या नसेच्या फांद्यांना इजा होते आणि पापणी मिटेनाशी होते. त्या रोगातही डोळ्याची संवेदना कमी होऊ शकते. म्हणजे रोग पूर्ण वेगळा, पण डोळा तोच. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या आनंदवनात ज्यांची सेवा झाली, त्यांच्यात असे डोळे असणारी माणसं होती. चंद्रपूर आणि गडचिरोली हे आजही कुष्ठरोगाचे रुग्ण आढळणारे जिल्हे आहेत. म्हणून इथल्या सरकारी आरोग्यसेवेत कुष्ठरोग तंत्रज्ञ आहेत. ते रुग्णाला झोपेत मिटतात तसा हलकेच डोळा मिटायला सांगतात, पापण्यांमधली फट मिलिमीटरमध्ये मोजतात, मग घट्ट मिटायला सांगून ताकद पाहतात आणि नोंद ठेवतात. गाठीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या माणसाला नेमकी हीच तपासणी दर महिन्याला हवी असते. फट आठवरून पाचवर आली तर नस जागी होते आहे. आठवरच अडली तर पुढचा विचार करायचा. मात्र हा माणूस कुष्ठरोगाच्या यादीत नसतो, म्हणून त्याला कुणी तंत्रज्ञाकडे पाठवत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ही तपासणी मागावी. आशाताईंना हे ठाऊक असेल तर त्या मार्ग दाखवतील. याला नवं यंत्र लागत नाही, नवं पद लागत नाही. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतरचा सुटीचा कागद आणि तंत्रज्ञाची नोंद हे दोन कागद एकत्र ठेवायचे आहेत, इतकंच.

नस जागी होण्याचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम तीन सेंटीमीटर. कवटीच्या आतून कानाच्या हाडातून गालापर्यंत यायला तिला कित्येक महिने लागतात. शेजारच्या कुणाचं तोंड वाकडं होऊन तीन आठवड्यांत बरं झालेलं असतं. तो बहुधा बेल्स पाल्सी नावाचा, नसेला अचानक सूज येऊन होणारा वेगळा प्रकार असतो आणि त्यातले बहुतेक लोक बरे होतात. त्या उदाहरणावरून गाठवाल्या माणसाला 'तुम्ही मनावर घेत नाही' असं सुनावणं क्रूर आहे. तसंच लकवा म्हणून कबुतराचं रक्त चोळणं आणि कानशिलाला डाग देणं. नस कवटीच्या आत दुखावली आहे, कातडीवरचा डाग तिथवर पोहोचत नाही, फक्त व्रण राहतो.

फुगे फुगवा, च्युइंगम चघळा, असा सल्लाही सर्रास मिळतो. चघळण्याचे स्नायू पाचव्या नसेवर चालतात, सातवीला त्याचा काही उपयोग नाही. जोर लावून केलेला व्यायाम तर नुकसान करू शकतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावाचा पाट फुटला आणि घाईने बांधला, तर या बांधीचं पाणी त्या बांधीत शिरतं. दुखावलेल्या नसेचे तंतू परत वाढतात तेव्हा असंच होतं: ओठाकडे जायचा तंतू पापणीत पोहोचतो, पापणीचा गालात. मग हसायला गेलं की डोळा बारीक होतो, डोळा मिटला की तोंडाचा कोपरा ओढला जातो. काहींना जेवताना त्या डोळ्यातून पाणी येतं, कारण लाळेचे तंतू अश्रुग्रंथीकडे गेलेले असतात. ही ओढाताण साधारण चार-सहा महिन्यांनंतर दिसू लागते आणि पुष्कळदा कायम राहते. त्यावरचा व्यायाम हळू, हलका आणि आरशासमोरचा: ओठ थोडेच हलवायचे, डोळा शांत ठेवायचा, दोन्ही बाजू सारख्या हलतील तेवढीच हालचाल करायची. फार ओढ असेल तर बोट्युलिनमची इंजेक्शनं मदत करतात, पण त्यांचा परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि ती परत घ्यावी लागतात. विजेचे झटके देणाऱ्या यंत्रावर महिनोन्महिने पैसे घालवण्याआधी फिजिओथेरपिस्टला हे सगळं नीट विचारावं.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते वाट पाहण्यात. नसेचा संदेश न मिळालेला स्नायू दीड-दोन वर्षांत वाळतो. त्यानंतर नस जोडून उपयोग राहत नाही. म्हणून सहा महिने ते वर्षभरात काहीच हालचाल परतली नाही, तर प्लास्टिक सर्जनकडे जायचं असतं. त्या काळात जिभेची नस किंवा चावण्याच्या स्नायूची नस चेहऱ्याच्या नसेला जोडता येते. दुसऱ्या प्रकारात दात दाबले की हसू उमटतं, आणि सरावाने पुढे काहींना दात न दाबताही हसता येतं. पण आपल्याकडे ते वर्ष रोवणी, कापणी, लग्नकार्यं, पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने बंद होणारा भामरागडचा रस्ता यांत सरतं. नागपूरच्या पुढच्या तारखेला स्कॅन दाखवला जातो, 'गाठ परत नाही' हे ऐकून सगळे आनंदाने परततात आणि चेहऱ्याचा विषय निघतच नाही. तो आपणच काढला पाहिजे.

दोन वर्षं उलटून गेली असतील तरी दार बंद झालेलं नसतं, फक्त उपाय बदलतात. डोळ्याचा बाहेरचा कोपरा थोडा शिवून फट कमी करणं ही छोटी शस्त्रक्रिया नेत्रशल्यचिकित्सक करतात आणि नंतर ती सोडवताही येते. वरच्या पापणीत साधारण एक ग्रॅमचं सोन्याचं वजन बसवलं तर पापणी वजनाने खाली येते. मात्र आडवं झाल्यावर ते वजन काम करत नाही, म्हणून रात्रीचं मलम सुटत नाही. तिसरा उपाय कानशिलाच्या स्नायूचा. इंग्लंडच्या सर हॅरोल्ड गिलीज यांनी या चावण्याच्या स्नायूची पट्टी वळवून पापण्यांत बसवण्याची पद्धत रुळवली. कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांसाठी तिच्यात पुढे सुधारणा झाली. गिलीज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठ रुग्णालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांचे चेहरे आणि हात दुरुस्त करण्याचं मोठं काम उभं केलं. वळवलेल्या स्नायूने दात दाबले की डोळा मिटतो. तोंडाचा कोपरा वर उचलायलाही हाच स्नायू वापरता येतो. पण त्याला पाचवी नस शाबूत हवी. ती आहे का, हे घरीही अंदाजता येतं: दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवून दात घट्ट दाबावेत, दोन्हीकडे स्नायू सारखा फुगला पाहिजे. त्या बाजूला तो फुगत नसेल तर मांडीतला स्नायू काढून गालात बसवण्याचा मार्ग उरतो. जपानचे हारी आणि सहकाऱ्यांनी तो १९७६ साली मांडला. ते मोठ्या शहरातलं आणि मोठं काम आहे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती वेगळ्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. मात्र हवी ती शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावं.

तोंडाबद्दल थोडक्यात. गालाचा स्नायू लुळा पडला की घास गाल आणि हिरडीच्या मध्ये साठतो. जेवणानंतर बोट फिरवून चूळ भरायची, घास चांगल्या बाजूने चावायचा, पाणी घोटाघोटाने प्यायचं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं निसटतात. बोलताना गालाला बोटाने हलका आधार दिला तर ती पुष्कळ स्पष्ट येतात. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, सोडायचा. लुळ्या गालात अडकलेला खर्रा तासन्‌तास तिथेच राहतो, आणि संवेदना नसेल तर माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. सर्वांना जो कर्करोगाचा धोका आहे, तो या गालात वाढतो. गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था आणि शासन यांच्या सहभागाने २०१६ पासून चालणाऱ्या मुक्तिपथ अभियानाचे कार्यकर्ते व्यसन सोडायला मदत करतात.

कानाबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं, कारण जंगलाच्या गावात ते जिवाशी येतं. या शस्त्रक्रियेत एका कानाचं ऐकणं अनेकदा जातं. एका कानाने ऐकू भरपूर येतं, पण आवाज कुठल्या दिशेने आला ते कळत नाही. त्यासाठी दोन कान लागतात. झुडपातली खसखस डावीकडची की उजवीकडची, मागून येणारी मोटारसायकल कुठल्या अंगाला आहे, हे ओळखता येत नाही. शिवाय तोल कच्चा असतो आणि अंधारात आणखी ढळतो. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या वाघांच्या पट्ट्यात किंवा हत्ती फिरतात त्या गडचिरोलीच्या उत्तर भागात पहाटे मोह वेचायला अशा माणसाने एकट्याने जाऊ नये. सोबत्याने त्याच्या बहिऱ्या बाजूला चालावं.

माणसांत वावरणं हा आणखी एक भाग. चेहरा हलला नाही की समोरच्याला वाटतं, हा रागावला आहे, किंवा याला कळत नाही. लोक सोबतच्या माणसाशी बोलू लागतात. काही ठिकाणी न मिटणारा डोळा पाहून महारोगाची शंका घेतली जाते. घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात चार माणसांत साध्या शब्दांत सांगून टाकावं: मेंदूत गाठ होती, ती काढली, चेहऱ्याची नस दुखावली, डोकं ठीक आहे. आणि त्या माणसाने हसायचं सोडू नये. आवाजात, हातांत, मानेच्या हलण्यात हसू असतं, आणि जवळची माणसं ते लवकर ओळखायला शिकतात.

राहिला कागद. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत कुष्ठरोगमुक्त व्यक्तीच्या व्याख्येत डोळ्याचा आणि पापणीचा कमकुवतपणा शब्दात लिहिलेला आहे. गाठीच्या शस्त्रक्रियेमुळे तीच पापणी तशीच लुळी पडली तर तिचं नाव यादीत नाही. एक कान पूर्ण गेला तरी श्रवणदोषाच्या व्याख्येत बसत नाही, कारण तिथे दोन्ही कानांची हानी मोजतात. हा कायद्यातला अन्याय आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा. तोवर प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या मंडळापुढे जाताना नुसता चेहरा दाखवून परत येऊ नये. शस्त्रक्रियेचा सारांश, नेत्रतज्ज्ञाने लिहिलेली दृष्टी आणि पापणीची फट, कानाची तपासणी, तोल आणि चालण्याबद्दल मेंदूच्या डॉक्टरांची नोंद, हे सगळे कागद एकत्र न्यावेत आणि प्रत्येक हानी वेगळी तपासून मग एकत्रित टक्केवारी काढण्याची विनंती लेखी करावी. बहुतेक सवलतींसाठी लागणारा आकडा ४० टक्के आहे.